कामठ्याचा चिखल

९ जून
आजपासून रोजनिशी. कपाटात कुलूपबंद राहील, किल्ली करदोट्याला.
टी-७२ रणगाड्याच्या छोट्या मॉडेलचं किट नागपूरहून आलं. खोक्याचा कोपरा चेपलेला. कुणीतरी उघडून पाहिलं असणार. भाग मोजले, पूर्ण निघाले. म्हणजे पाहून परत ठेवले. हे तर जास्तच संशयास्पद.
संकल्प: ५ जुलैला साडू इंद्रकुमार देवरीहून येतोय. फौजेत खरे रणगाडे चालवलेला माणूस. मागच्या वेळी माझं विमान पाहून म्हणे, सोनपापडीचा डबा कापून केलं काय? सगळं घर हसलं. मी जेवलो नव्हतो. यंदा त्याच्या तोंडून 'वा भाऊ' निघालंच पाहिजे. बस, तेवढंच.

१४ जून
जोडणी झाली. हिरवा रंग मारला. फारच सुबक दिसतो, आता बिघडवायचा. नवाकोरा टँक कोणीही रंगवेल. लढाईवरून आल्यासारखा मळवणं, गंजवणं, ही खरी कला. ती यूट्यूबवरच्या जर्मन उस्तादांना जमते आणि इकडे मुर्रीत मला.

१६ जून
गंज चढवला. भांड्यांच्या घासणीच्या तुकड्याने ठिपके दिले. भरपूर दिले. बायको, प्रेमिला, घासणी शोधून राहिली. मला दोनदा विचारलं. एकच प्रश्न दोनदा का? प्रेमिलाची बहीण म्हणजे इंद्रकुमारची बायको, हे विसरून चालणार नाही. दोघी रोज फोनवर असतात. बातमी फुटते आहे.

१८ जून
डबीतला रेडिमेड चिखल नकली वाटतो. म्हणून कामठ्याला, आमच्या घरच्या शेतातल्या बांधीत गेलो. थोरला भाऊ जागेश्वरदादा तिथेच. म्हणे, रोवणीले येशील काय? मी म्हटलं, वेळ नाही, चिखलाचं काम आहे. तो बघतच राहिला.
एका छोट्या वाफ्यातला चिखल अगदी लोण्यासारखा. हात घातला तसा दादा धावत आला. म्हणे, तिथचा नोको घेऊ, बांधाकडचा ने. मी लगेच ताडलं. चांगलं ते स्वतःला, उरलंसुरलं धाकट्याला. वाटणीच्या वेळीही हेच. कारण सांगू लागला, मी ऐकूनच घेतलं नाही. तिथलाच डबा भरला.

१९ जून
डिंक घालून चिखल पट्ट्यांवर आणि मागच्या बाजूला जाड थापला. ओला दिसावा म्हणून रोज सकाळी स्प्रेने पाणी मारायचं. टँक खिडकीत ठेवला, उजेडात.

२४ जून
चिखलात हिरवे ठिपके! मी तिथे हिरवा लावलेलाच नाही. कुणीतरी ब्रश चालवला. घरात माणसं दोन. त्यातला एक मी.
आजपासून खोलीला आतून कडी. बाहेर जाताना दाराला दोरा बांधतो. तुटला की चोर सापडला.

२६ जून
दोरा शाबूत. हिरवं वाढलं. टोकं निघाली आहेत. चोर हुशार आहे.
दुपारी प्रेमिला दार ठोकत होती. म्हणे, खिडकीतून पाह्यलं, तुमच्या त्या टँकवर... म्हणजे खिडकीतून पाळत आहे! रेडिओ मोठा केला. गेली बिचारी. बिचारी नाही, गेली.

२९ जून
उलगडा झाला! गवत आहे. अस्सल चिखल, त्यावर गवत. जर्मन उस्ताद गवत चिमट्याने चिकटवतात, माझ्या टँकवर ते आपोआप येतंय. जगात कुणी केलं नसेल. पाणी दुप्पट केलं.
दादाचा फोन. म्हणे, तू नेला तो चिखल... मी फोन कापला. आता श्रेयात वाटा मागेल.

५ जुलै, संध्याकाळ
इंद्रकुमार आला. चहासुद्धा न घेता थेट खोलीत. चष्मा लावला. गंजावर बोट फिरवलं. म्हणे, साडूभाऊ, इतका गंज आमच्या गाडीवर दिसता त सीओ साहेबानं मलेच घासाले बसवलं असतं. आमचे टँक चकाचक राहेत. माझं तोंड पाहून त्याने आवाज खाली आणला.
मग चिखलापाशी वाकला. म्हणे, वा भाऊ! हा चिखल मात्र शंभर टक्के खरा.
निघालं. 'वा भाऊ' निघालं! माझे डोळे भरून आले.
तेवढ्यात त्याने एक पातं उपटलं. मुळाशी दाणा. प्रेमिलाला हाक मारली. म्हणे, हा त धान आहे. टँकवर परहे टाकले काय, रोपं काढाले?
प्रेमिला म्हणे, मी सांगाले आली होती, हे दार उघडतील तवा ना. त्या वाफ्यात दादानं नुकताच धान टाकला होता. तेही फोन करून राहिले होते.
साडू खाली बसून हसला. प्रेमिला हसली. तिने तिथूनच बहिणीला फोन लावला, मग तीही हसली.
धान पिकवणाऱ्या घरात जन्मलो आणि मला धान ओळखू आला नाही. हे कुणाचं कारस्थान, अजून सापडत नाही.

८ जुलै
दादाचा निरोप आला. धानाची रोवणी सुरू आहे, परह्यांची रोपं कमी पडून राहिली, तू नेलेली आण आणि तूही ये. यात काही डाव असेल का, दिवसभर विचार केला. सापडला नाही.
उद्या कामठ्याला जातोय. टँक पिशवीत भरला आहे. वाटेत सुकू नये म्हणून पाणी मारलं.