वाचून दाखवले, बरोबर आहे

५ डिसेंबर १९८३
आलो एकदाचा! वर्ध्याहून आर्वीमार्गे एस.टी.नं कारंज्याला येता येता हाडं खिळखिळी झाली, पण स्वारी खूश आहे. दवाखाना हमरस्त्यालगत, पंचवीस खाटांचा, मागे संत्र्याची बाग. मी इथला नवा रेकॉर्ड कारकून, म्हणजे रोग्यांचे आणि पोलीस केसचे सगळे कागद माझ्या ताब्यात. मला स्वतःचं टेबल आहे, खिडकी आहे, खिडकीबाहेर रोग्यांसाठी सिमेंटचं बाकडं आहे. ट्रंकेत दवाखान्याच्या कायद्याच्या टपाली कोर्सची अकरा पुस्तकं आहेत. मे महिन्यात नागपूरला परीक्षा. पास झालो की कुठल्यातरी मोठ्या दवाखान्यात हेडक्लार्क होईन, मग आईला सासवडहून बोलावून घेईन.

इथली आया शकुबाई. तिनं आल्याआल्या विचारलं, "काऊन जी, इतक्या दूर कायले आले?" मी पुस्तकांच्या ट्रंकेकडे बोट दाखवलं.

१८ डिसेंबर
भाषा मोठी गमतीची. रॉकेलला मातीचं तेल म्हणतात. "येऊन राह्यलो" म्हणणारा राहत नाही, नुसता येत असतो. वहीच्या मागच्या पानावर मी शब्दांची यादी करतोय, एकवीस झाले. कागदावर मात्र हे असलं काही येऊ देत नाही. रोगी काहीही बोलो, मी शुद्ध करून लिहितो. डॉक्टरसाहेब म्हणाले, तुम्ही आल्यापासून कागद वाचण्यालायक झाले. अंगावर मूठभर मांस चढलं.

पुस्तक तिसरं संपवलं. मृत्युपूर्व जबानी. मरणाऱ्यानं मरणाचं कारण सांगितलं तर कोर्ट ते पुरावा मानतं. लिहून झालं की त्याला वाचून दाखवायचं, बरोबर का ते विचारायचं, मग अंगठा घ्यायचा. सोपं आहे.

९ जानेवारी १९८४
सकाळी दहाला जळालेली बाई आणली. कोकिळा, वय बावीस, जवळच्याच खेड्यातली. सोबत सासू मनकर्णाबाई, ऊर बडवून रडत होती. जबानी घेणारे नायब तहसीलदार दौऱ्यावर. डॉक्टरसाहेबांनी बाई शुद्धीवर असल्याचं लिहून सही केली आणि जबानी घ्या म्हणून ते अडलेल्या बाळंतिणीकडे धावले. खोलीत मी एकटाच. माझी पहिलीच जबानी.

बाईचे ओठ सुजलेले, शब्द तुटत होते. "स्टो... बुडीनं... पेट..." दोनदा तेच म्हणाली. मी लिहिलं : "स्वयंपाक करताना स्टोव्हने बुडाशी पेट घेतला. माझा कोणावरही संशय नाही." संशयाचं वाक्य तिचं नाही, पण जुन्या कागदांवर ते असतं म्हणून घातलं. हात भाजलेले, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. खाली लिहिलं, "वाचून दाखवले, बरोबर आहे." वाचून काही दाखवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून ओठ हलवत होती. मला वाटलं पाणी मागतेय.

पाऊण वाजता गेली. पोलिसांनी अपघात म्हणून कागद नेला. हवालदार म्हणाला, अक्षर झकास आहे.

३ फेब्रुवारी
चहा देताना शकुबाई म्हणाली, तिची बुडी तापानं पडली आहे. मी यादीची वही उघडली आणि विचारलं, बुडी म्हणजे काय? ती हसायलाच लागली. "बुडी म्हंजे म्हातारी जी. आमी सासूले बुडीच म्हणतो."

सदतिसावा शब्द म्हणून लिहायला घेतला आणि पेन तिथेच थांबलं. हिंदी सिनेमातली बुढ्ढी मला ठाऊक होती. तरी त्या दिवशी कान तिकडे गेला नाही. स्टोव्हला बूड असतं, माझ्या डोक्यात तेच बसलं. बुडीनं पेटवलं, म्हणत होती ती. सासूनं पेटवलं. चहा तसाच गार झाला.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शुद्धीवर असल्याची सही माझी, वाचून दाखवल्याची तुमची. आज तोंड उघडलंत तर म्हातारीच्या आधी आपण दोघं आत जाऊ, आणि बाई तर गेलीच आहे. खोलीवर येऊन मी तिसरं पुस्तक पुन्हा उघडलं. मरणारा खोटं बोलत नाही, असं पुस्तकात आहे. लिहिणाऱ्याबद्दल पुस्तक गप्प आहे.

परीक्षा झाली की पोलिसांकडे जाईन. भित्रा आहे मी, निदान इथं तरी लिहून ठेवतो.

२० मार्च
साडेदहा वाजता, भर गर्दीत, बाकड्याच्या टोकाला कोकिळा बसली होती. बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या, पण तिच्या शेजारची जागा रिकामी. आपला नंबर आल्यासारखी उठून खिडकीशी आली. "मले वाचून नाई दाखवलं जी."

कपाटातून तिच्या जबानीची नक्कल काढली. वाचून दाखवली. दुसरं काय करणार होतो? तिनं नाही म्हणून मान हलवली. "हे म्या नाई सांगतलं." परत जाऊन बसली.

शकुबाईला बाकडं रिकामंच दिसलं. पण ती फडकं घेऊन आली आणि विचारू लागली, मातीचं तेल कोणं सांडलं म्हणून.

११ एप्रिल
रोज येते. रोज वाचून दाखवतो. रोज मान हलवते.

शकुबाईनं बातमी आणली. मनकर्णाबाईच्या मुलाचं दुसरं लग्न ठरलं. पोरगी आर्वीकडची, भागीरथा, एकोणीस वर्षांची. ती त्याच स्वयंपाकघरात जाणार. आता गप्प बसलो तर तिचा खून माझ्या माथी.

पोलिसांत गेलो. सगळं तोंडी सांगितलं. हवालदार म्हणाला, लेखी द्या. तिथंच बसून लिहिलं, सासूने पेटवले. त्यानं वाचलं आणि हसत कागद परत केला. कागदावर माझ्याच अक्षरात होतं : स्टोव्हने बुडाशी पेट घेतला. चार वेळा लिहिलं. चारही वेळा तेच.

या वहीत मात्र अजून खरं उतरतं. सासूनं पेटवलं. सासूनं पेटवलं. बघा, उतरतंय.

२९ एप्रिल
लग्न झालं. वरात दवाखान्यावरून गेली. नवरी हिरव्या शालूत, मान खाली. पोरगी अजून लहान दिसते. मी रस्त्यावर धावलो, ओरडलो, तिच्या बापाचा हात धरला. लोकांनी दारुड्या म्हणून बाजूला ढकललं. बाप म्हणाला, लेखी काही आहे का?

कोकिळा बाकड्यावरून उठून बघत होती.

१४ मे
नागपूर. परीक्षा. तीन तास लिहीत होतो. शेवटी वाचून पाहिलं — सोळा पानं, एकच वाक्य —

आईला पत्र टाकायचं होतं. नाही टाकलं. त्यातही तेच उतरलं तर —

२ जून
भागीरथा आली. जळालेली. मनकर्णाबाई ऊर बडवते आहे. तेच रडणं.

डॉक्टरांच्या पाया पडलो — तुम्ही लिहा, माझ्या हातानं नको — म्हणाले, वेडेपणा करू नका, अक्षर तुमचंच चांगलं आहे — आणि सलाईन बघायला गेले —

खोलीत मी. ती. खाटेच्या पायाशी कोकिळा.

या पोरीचे ओठ शाबूत आहेत. स्वच्छ बोलली. "बुडीनं पेटवलं. लिहा जी. वाचून दाखवा मले."

लिहिलं. वाचून दाखवलं. दोघींनी मान हलवली.

पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचलं. दोघींनी —

ती थांबली. आता मान हलवत नाही. कोकिळा हलवते आहे.

ही वही उरली. यात खरं उतरतं. कोणीतरी वाचेल. भागीरथा, वय एकोणीस, तिनं माझ्यासमोर सांगितलं, मला स्टोव्हने बुडाशी —

नाही. मला सासूने — मला स्टोव्हने —

सासू. सा. स्टोव्ह —

माझा कोणावरही संशय नाही. वाचून दाखवले, बरो