सुनेच्या हातचा बर्गर

११ जानेवारी
अश्विनी आज बर्गर करून राहिली होती. नागपूरची पोरगी, लग्न होऊन सौंसरला आली त्याला महिना-दीड महिना झाला असेल. बटाटा-मटार उकडून टिक्क्या थापल्या, मक्याच्या भिजवलेल्या पिठात बुडवल्या, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळल्या. पाव लोण्यावर भाजले. मी ओट्याशी उभी – माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी.

जेवताना हे म्हणाले, "वा पोरी, झकास जमलं."

झकास! इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी "बरं आहे" पण मिळालं नाही. मागून वाढून घेत, तेवढंच.

१३ जानेवारी
भरल्या वांग्याची भाजी केली. यांनी अर्धी ठेवली. यांना दिवाळीत ताप येऊन गेला तेव्हापासून हेच चाललं आहे. विचारलं तर, "भूक नाही."

संध्याकाळी सुनेनं बर्गर दिला, तो सगळा संपवला. तिच्या बर्गरला बरी भूक होती.

१७ जानेवारी
शेजारची प्रमिला विचारून राहिली होती, "विजयमालाबाई, तुमच्या सुनेच्या हाताले लय चव आहे म्हणते?"

"कोण म्हणते?"

"तुमचेच रघुनाथराव."

म्हणजे आता गल्लीत पण सांगत फिरतात.

२० जानेवारी
आमचा पोरगा गजेंद्र बायकोला घेऊन जामसांवलीला दर्शनाला गेला. घर रिकामं. मी बर्गर करायला घेतले. बटाटा गरम असतानाच थापला, म्हणून पहिली टिक्की तेलात फुटली. बाकीचा निवू दिला, थोडे पोहे भिजवून मळले, तेव्हा जमल्या. कांद्याची चकती, टमाटर, वरून माझी लसणाची चटणी.

यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "राहू दे. जात नाही."

उरलेला मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ला. चांगला झाला होता. खरंच चांगला झाला होता.

२८ जानेवारी, रविवार
आज जे केलं ते कोणाला सांगता येणार नाही. इथं लिहिते.

अश्विनीनं चिकनचा खिमा आलं-लसूण, कोथिंबीर घालून मळून ठेवला आणि आंघोळीला गेली. मी त्यात मूठभर मीठ टाकलं. कालवलं. हात धुतला.

गजेंद्रनं पहिला घास थुंकला. "अश्विनी, काय केलं हे!" पोरीनं चाखून पाहिलं, तोंड एवढंसं झालं. मी मान खाली घालून बसले. मनातून वाट पाहत होते – आता हे काय म्हणतात.

यांनी आख्खा बर्गर खाल्ला. शेवटच्या घासापर्यंत. वर म्हणाले, "काहून ओरडते गजेंद्र? झकास तर आहे."

माझं डोकं फिरलं. खारट जहर झालेलं पण गोड लागते, सुनेच्या हातचं आहे म्हणून.

२९ जानेवारी
अश्विनी सकाळी म्हणाली, "आई, मीठ मी एकदाच टाकलं होतं हो." डोळे सुजलेले. मी म्हटलं, "होते कधी कधी." दिवसभर तिच्याकडे पाहवलं नाही.

आणि तरी रात्रभराचा राग गेला नाही. यांच्यावरचा.

३० जानेवारी
आज दोघंच होतो. विचारलंच – माझ्या हातचं टाकता, तिचं खारट पण गिळता, मी असं काय केलं?

हे म्हणाले, "त्या तापापासून मले चवच लागत नाही. ना तुया हातची, ना तिच्या. सगळं मातीसारखं. ते लेकरू घरात नवं आहे, जबरदस्तीनं गिळतो, वा वा करतो. तुयापुढं पण खोटं खोटं जेवू का?"