मधला अर्धा तास

प्रिय पोरी,

तुझी ठेंगणी बरी आहे, हे आधी वाच, मग बाकीचं. तिचं नाक वाहतंय, पण ते दर आठवड्याला वाहतं. जेवते, झोपते, माझा चष्मा लपवते. जावईबापू शनिवारी येऊन गेले, त्यांच्यासमोर शहाण्यासारखी वागली. तेव्हा पत्र बघून छातीत धस्स झालं असेल तर एक घोट पाणी पी आणि खाली बसून वाच. मी फोनच केला असता. पण तुझा फोन हल्ली तू उचलत नाहीस, तुझ्या ऑफिसातल्या त्या बाई उचलतात, आणि मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणतात. त्यांना हे कसं सांगू? शिवाय फोनवर माझी जीभ अडखळते. कागदावर निदान खोडता येतं. हा चौथा कागद आहे. माझं लिहिणं कसं, ते तुला ठाऊकच आहे. चुका असतील, त्या दुरुस्त करत बसू नकोस.

तू टीव्हीवर दिसलीस त्या दिवशी शेजारीपाजारी सगळे आपल्याकडे जमले होते. माझं लक्ष तुझ्या डोळ्यांखाली होतं. काळं झालंय गं. दोन वेळा नीट जेवतेस ना? खोकला गेला का? तू बोललीस छान. तुझ्याआधी ते शिक्षणमंत्री बोलले, तेही छान बोलले. ते म्हणाले, घंटा झाली की बालवर्ग सुटला, मग मुलं तुझ्या बालसंगोपन खात्याची. तू म्हणालीस, पाळणाघराच्या मावश्या मुलं ताब्यात घेत नाहीत तोवर ती शिक्षण खात्याचीच. शेजारचा शिंपी म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे राव. मलाही दोघांचं बरोबर वाटलं, आणि तेव्हापासून मला झोप लागत नाही.

तू तिथे एवढ्या लांब असतेस, म्हणून इथलं रोजचं तुला सांगतो. सकाळी मी ठेंगणीला बालवर्गात सोडतो आणि तिथेच व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहतो. घरी जाऊन तरी काय करणार, गॅस बंद केला का याचाच घोर. तिथली खोली एकच. चटई एकच, मुलं तीच. पण सकाळी ती खोली बालवर्ग असते आणि दुपारी पाळणाघर. कपाटं दोन, त्यांना कुलपं दोन. सकाळच्या कपाटात लाकडी हत्ती आहे. दुपारी पोरं त्याच्यासाठी रडतात, पण मावश्यांना त्याला हात लावता येत नाही, कारण हत्ती शिक्षण खात्याचा. दुपारच्या उशा तशाच सकाळी कुणाला मिळत नाहीत. आधी मला याचं हसू यायचं. मी ठेंगणीला म्हणायचो, तुझ्या आईला सांगून हत्तीची बदली करून घेऊ.

घंटा झाली की बालवर्गाच्या बाई निघतात, त्यांना पुढची शाळा गाठायची असते. मावश्या दुसऱ्या केंद्रावरून येतात, त्यांना यायला अर्धा तास लागतो. कुणीच कामचुकार नाही गं. मावश्या तर जवळजवळ धावत येतात. पण तो मधला अर्धा तास पोरं व्हरांड्यात बसतात आणि त्यांच्यावर लक्ष असतं झाडूवाल्या बाईचं आणि माझं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि तिला सगळे संडास धुवायचे असतात. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ही दोन खात्यांची पोरं.

ज्याला सगळे भुंगा म्हणतात, तो याच अर्ध्या तासात पडला. सारखा गुणगुणतो म्हणून भुंगा. मी वाकून ठेंगणीच्या बुटाची नाडी बांधत होतो. गुणगुणणं माझ्या मागून गेलं, आणि मग आवाज आला. मागच्या जिन्याचं दार सताड उघडं होतं. तो खालच्या वळणावर पडलेला. त्याला उचलून रस्त्यावर धावलो. या वयात मी धावू शकतो हे मलाच माहीत नव्हतं.

मी रोज इस्पितळात जातो. हात प्लास्टरमध्ये आहे, डोक्याला टाके पडलेत. काल त्याने आईला ओळखलं. पण अजून बोलत नाही, गुणगुणतही नाही. नुसता छताकडे बघतो. डॉक्टर थांबा म्हणतात. त्याची आई कापडगिरणीत आहे, कामाची एक पाळी बुडाली की खाडा, पगार कापतात. ती माझ्यावर ओरडेल अशी भीती घेऊनच मी पहिल्या दिवशी गेलो होतो. ती ओरडली नाही. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "आजोबा, तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?" ती टीव्ही बघत नाही बहुतेक. खातं कुठलं, असं तिने विचारलंच नाही.

परवा तुझ्या खात्याचे एक साहेब घरी आले. भला माणूस. ठेंगणीसाठी रंगपेटी घेऊन आले होते. सोमवारी चौकशी आहे, तिथे मला बोलावणार, असं ते म्हणाले. मग म्हणाले, आजोबा, घंटा झाल्याचं तुम्ही ऐकलंत असं कशाला म्हणता? वय झालंय, कानांचा काय भरवसा. घंटा झालीच नव्हती म्हटलं की विषय मिटला, मॅडमच्या खात्यावर येत नाही. म्हाताऱ्याला कमी ऐकू आलं म्हणून कुणी फासावर देत नाही. ते गेल्यावर मी घड्याळ कानाला लावून बघितलं. आधी उजव्या, मग डाव्या. टिकटिक दोन्ही कानांनी ऐकू येते.

घंटा झाली होती पोरी. बाई फाटकाबाहेर गेलेल्या मी बघितल्या. मावश्या आल्या नव्हत्या. मला जेवढं विचारतील तेवढं मी सांगेन. बरोबर कोण, ते ठरवायची अक्कल मला नाही.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. त्या जिन्याच्या दाराची कडी कितीतरी दिवस मोडलेली होती. मी जन्मभर कुलपं न् कड्या दुरुस्त केल्या, पाच मिनिटांचं काम होतं. पण इमारत सरकारी, हात लावू नका म्हणाले, आणि परवानगी कोण देणार ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा मी तुला फोन केला. तू गाडीत होतीस. तू म्हणालीस, बाबा, जिना माझ्याकडे येत नाही, तो शिक्षणवाल्यांकडे येतो. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हे त्या साहेबांना माहीत नाही. तुला आणि मला सोडून कुणालाच माहीत नाही. सोमवारी मला विचारणार, कडी मोडल्याचं कुणाला सांगितलं होतं का. मी हो म्हणणार. कुणाला, असं विचारतील. तेव्हा बहिऱ्याचं सोंग मला जमणार नाही, त्या पोराची आई समोर बसलेली असेल. त्यातून तुझं पद जाईल, राहील, मला त्यातलं कळत नाही. भीती मात्र वाटते. पण तुझं नाव आधी माझ्या तोंडून निघू नये, एवढंच वाटतं. हे पत्र मिळेल तेव्हा सोमवारला दोन दिवस असतील. तू ये. आधी इस्पितळात जा, त्या बाईला तू स्वतः सांग. मग सोमवारी मला नुसतं हो म्हणायचं राहील.

तुझाच,
बाबा