सुटलेला ठिपका

मार्गशीर्षातला गुरुवार, डोंबिवली

माझ्या रांगोळीच्या सॉफ्टवेअरची लिंक सगळ्या ग्रुपवर टाकून दमले. फुकट आहे, कोडही सगळ्यांना खुला आहे, तरी कुणी ढुंकून बघत नाही. आणि आज आंबिवलीला आत्याकडे गेलेले, तर शेजारच्या काकूंच्या दारात माझीच नक्षी! कोपऱ्यातला एक ठिपका रेषेबाहेर सुटलेला. तो माझ्या कोडमधला बग, दुसऱ्या कुणाचा असणार?

"काकू, ही कुठून मिळाली?"

"अगं, नणंदेने मोबाइलवर पाठवली. तो ठिपका मुद्दाम सोडायचा हं, दृष्ट लागत नाही."

मुद्दाम? हे कुणी ठरवलं? आणि नणंदेला कुणी पाठवली?

ठिपक्याची दुरुस्ती तयार आहे, फक्त अपलोड करायची. करू? पण केली, तर कुठल्या दारात माझी रांगोळी आहे, हे मला कळणार कसं?