रजेवरची बाई

सोमवार, ७ तारीख

ज्याला रजा नको असते, त्याची खुर्ची आधी तपास. ताईने हे सांगितलं तेव्हा मी अफरातफर शोधायच्या कामात अगदीच नवखी होते. आज ते वाक्य आठवलं, कारण बोलावलंय तिनेच. तिच्या कंपनीत बिलं मंजूर करणारी एक बाई आहे, वर्षानुवर्षं रजा म्हणून घेतलेली नाही. ताईने तिला सक्तीने आठवडाभर घरी पाठवलं आणि तिच्या जागी मला बसवलं. आमच्या कामातली ही जुनी रीत. अफरातफर म्हणजे तान्हं मूल. आई चार दिवस बाजूला झाली की रडून घर डोक्यावर घेतं.

ताई स्टेशनवर घ्यायला आली होती. हातातली बॅग ओढून घेतली, वाळलीस म्हणाली, केस किती पिकवलेस म्हणाली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. चाळिशी उलटली तरी तिच्यासाठी मी चिमीच. नोकरीसाठी मी तिचं घर सोडलं तेव्हापासून ती रुसलेली होती. आज तो रुसवा गेला. किती हलकं वाटतंय.

मंगळवार, ८

जागा छान आहे. तिसरा मजला, खिडकीखाली पार्किंग. खुर्ची वर-खाली करावी लागली नाही. एरवी माझ्या ठेंगणेपणापायी प्रत्येक ऑफिसात ती खटपट असतेच. इथे तर पाय टेकवायला टेबलाखाली लाकडी खोकंसुद्धा आहे. दुपारी एसीने गारठले म्हणून खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर चढवला. बाह्या मनगटापर्यंत बरोब्बर.

चहावाल्या काकांनी न विचारता बिनसाखरेचा अर्धा कप ठेवला. तुम्हाला कसं कळलं, विचारलं तर हसले. म्हणाले, बाई, कशाला परीक्षा घेता गरिबाची, एवढ्या वर्षांत कधी चुकलोय?

त्या बाईही बिनसाखरेचाच घेत असणार.

गुरुवार, १०

मूल रडलं. खोके पुरवणारा एक पुरवठादार आहे, त्याच्या पत्त्यावर जाऊन आले. मोकळा प्लॉट, मधोमध एक कुत्रं झोपलेलं. तिथून खोके येत असतील तर मी विमान चालवते! बिलं ताई पुढे पाठवते, मंजूर त्या बाई करतात. म्हणजे ताईच्या नाकाखाली हे चाललंय. बिचारीला कसं सांगू? ती डोळे झाकून विश्वास टाकते माणसांवर.

परत येताना वॉचमनने सलाम ठोकला आणि विचारलं, मॅडम, रजा रद्द झाली का?

शुक्रवार, ११

मंजूर बिलांचे मूळ कागद आज हाती आले. सही माझी आहे.

शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून पुन्हा वर. ते वळण ताईने लावलं, माझ्या हातावर हात ठेवून. त्या बाईंच्या नोकरीच्या कागदांत नाव माझं, जन्मतारीख माझी. घर सोडताना माझी कागदपत्रं तिच्याच कपाटात ठेवली होती. तुझ्याकडे असली की मला घोर नाही, असं म्हणाले होते.

म्हणजे अशी कुणी बाईच नाही. ताईने मला कागदोपत्री इथे नोकरीला लावलं आणि माझ्या नावाने चोरी केली. आता बाहेरचे तपासनीस येणार आहेत, त्याआधी सगळ्यांदेखत मला या खुर्चीत आणून बसवलं. आणि स्टेशनवर म्हणे, वाळलीस.

रडू येत नाही. पण मग हा स्वेटर कुणाचा?

शनिवार, १२

काकांना विचारलं, इथे रोज कोण बसतं? म्हणाले, तुम्हीच की. मग जवळ येऊन निरखून पाहिलं, आणि ट्रे घेऊन मागे सरकले. त्या बाईंच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे आहे म्हणाले.

माझा उजवीकडे.

नंतर दिवसभर चहा आला नाही.

सोमवार, १४

टेबलावरचा फोन वाजला. आवाज माझा. रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा ऐकू येतो ना, तसा. विचारत होती, स्वेटर धुतलास का, मला उद्या लागेल.

ताईच्या केबिनकडे धावले. ती फोनवर होती. इतक्या मायेनं बोलत होती — ये गं चिमे, पुरे झाली आता रजा.

चिमे.

मी काही विचारायच्या आत शांतपणे म्हणाली, तू गेलीस, किती बोलावलं, आली नाहीस. करमायचं नाही म्हणून तुझी सही गिरवत बसायचे. एक दिवस टेबलाच्या पलीकडे हुबेहूब तू बसलेली, तीच सही लिहीत. ती उलट बोलत नाही. मागितली की सही देते. उद्या तपासनीस एकीला घेऊन जातील. तिला का पाठवू?

मंगळवार, १५

लिफ्ट थांबली. जिन्याचं दार बाहेरून बंद —

येणारीची चाल माझीच. ताईने तिचा हात धरलाय. लहानपणी रस्ता ओलांडताना माझा धरायची, तसाच — मागे तपासनीस —

स्वेटर काढून ठेवलाय. घे म्हणावं.

ताई, सही माझी म्हणून मी सांगते. चोरीही मीच केली म्हणते. मी जाईन त्यांच्याबरोबर. एकच मागणं आहे, तू नाही म्हणशील, ठाऊक आहे, तुझा चेहराच सांगतोय — तरी मागते. मला नेतील तेव्हा एकदाच, माझ्याकडे बघून, चिमे म्हण, एकदाच मला —