पाठ असलेला नंबर

लोणावळा,
४ जुलै २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुमचा फोन बंद लागतो आहे, म्हणून दूधवाल्या विठ्ठलमामांच्या हाती ही चिठ्ठी देते. ते रोज सकाळी कॅन घेऊन इकडे येतातच, तेव्हा उत्तरही त्यांच्याकडेच द्या. फोन पाण्यात पडला की काय? भाताची आवणी कुठवर आली?

माझं बरं आहे, पण खरं सांगायचं तर दमले आहे. कॉलेजात वाटायचं, वेबसाइट करायची म्हणजे रांगोळी काढण्याइतकं छान काम. इथं सकाळी बसलं की एकच बटण आधी हिरवं करायचं, मग निळं, मग पुन्हा हिरवं. गिऱ्हाईक म्हणतं नाव मोठं करा. केलं की म्हणतं, आता फोटो लहान दिसतो. संध्याकाळी डोळ्यांपुढे नुसते चौकोन असतात. तरी पवनानगरच्या तंबूंच्या कॅम्पची साइट मी एकटीनं केली आणि ती सुरूही झाली. माझं प्रोबेशन जुलैअखेर संपतं. शार्दूल सरांनी कायम केलं तर आईनं पेढे वाटावेत, तोवर गावात बोलू नये.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
प्रेरणा

वडिवळे,
६ जुलै

चि. प्रेरणा हिस अनेक आशीर्वाद.

फोन पाण्यात पडला नाही, मीच बंद करून ठेवला. त्याआधी आठवडाभर कोण कोण विचारायचं, तंबू शिल्लक आहे का, शेकोटी मिळेल का, जेवणात कोंबडी आहे का. इकडे कोपरापर्यंत चिखल आणि तिकडे बांधावर फोन वाजतोय. आधी मी उचलायचो. दारी आलेल्याशी खरं बोलावं, म्हणून सांगायचो की बाबांनो, हा पाऊस तंबूत झोपण्याचा नव्हे, दसरा झाला की या. एकानं तर माझे आभार मानले. शेवटी तुझी आई म्हणाली, ह्ये लय झालं, आता एक तर फोन धरा न्हाईतर रोप धरा. मी रोप धरलं.

नंबर म्हणे कॉम्प्युटरवर आहे. तू त्याच धंद्यातली. कुठल्या गाढवानं तो तिथं टाकला ते शोध आणि त्याचा कान धर.

शेजारच्या भिमाजीची आवणी उरकली, आपली उद्यापासून. वेळेवर जेवत जा, म्हणजे आम्हालाही घास गोड लागेल.

तुझा,
आबा

लोणावळा,
८ जुलै

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

कान माझाच धरा. ते गाढव मी आहे.

साइटचा कच्चा नमुना करताना नंबराच्या जागी काहीतरी टाकावं लागतं. होस्टेलपासून प्रत्येक फॉर्मवर तुमचाच लिहीत आले, पाठ असलेला तो एकच. हात आपोआप गेला. कॅम्पच्या मालकांचा खरा नंबर आल्यावर बदलायचा राहिला, आणि साइट तशीच सुरू झाली. आता ती बदलायचा पासवर्ड फक्त सरांकडे असतो, म्हणजे सरांना सांगावं लागणार. माझ्याबरोबर लागलेल्या मुलीला अशाच एका चुकीवरून गेल्या महिन्यात घरी पाठवलं. मालक आधीच कुरकुरतायत की साइट होऊनही फोन येत नाहीत, आणि सरांना वाटतंय माझी मांडणीच फसली. आबा, मला भीती वाटते. तीन वर्षं शिकून महिन्याभरात परत यायचं तोंड माझ्याकडे नाही.

महिना निघेपर्यंत सांभाळून घ्या. मालकांचा नंबर मागे लिहिला आहे. फोन आला की तेवढा द्या, आणि कृपा करून पावसाचं काही सांगू नका. सारखं मागतेच आहे, आज जरा जास्त मागते.

तुमची,
प्रेरणा

वडिवळे,
१२ जुलै

चि. प्रेरणा हिस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. आई फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर बसते, मी नंबर सांगतो आणि गप्प बसतो. परवा ठाण्याच्या एका बाईंनी विचारलं, दोन वर्षांचं लेकरू आहे, रविवारी यावं का. मी नंबर दिला आणि गप्प बसलो. जेवायला बसलो तर भाकरी तोंडात फिरायला लागली. उठून बाईंना फोन लावला आणि येऊ नका म्हणालो. तुझं ऐकलं नाही, राग मानू नको.

लहानपणी तू विचारायचीस, दर साली आपण आधी भिमाजीच्या खाचरात का राबतो. माझ्या लग्नाच्या साली मी पाणी काढायला बांध फोडला आणि त्याचं सगळं रोप वाहून गेलं. तो म्हणाला, वढ्याचं पाणी आलं आसंल. मी व्हय म्हणालो. चार दिवस तसाच हिंडलो, पाचव्या दिवशी जाऊन सांगितलं. लय बोलला. दोन महिने तोंड फिरवून होता. पण ते चार दिवस त्या दोन महिन्यांपेक्षा जड होते. तेव्हापासून पहिली आवणी त्याची.

सांग असं म्हणत नाही. नोकरी तुझी, तू ठरव. घरी यायला तोंड लागत नाही, वाट माहीत असली की झालं.

तुझा,
आबा

लोणावळा,
१५ जुलै

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी दोन मिनिटांत नंबर बदलला आणि म्हणाले, आज आली नसतीस तर उद्या मीच बोलावणार होतो.

झालं असं की, मालकांनी त्यांना कळवलं होतं, प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं कुणी आबा नंबर देतात. म्हणून रविवारी सरांनी गिऱ्हाईक बनून तो नंबर लावून पाहिला. तुम्ही त्यांना दसऱ्यानंतर या म्हणालात. लोणावळ्याहून बोलतोय कळल्यावर म्हणालात, माझी पोरगीही तिथंच कॉम्प्युटरवर असते, दमते पण सांगत नाही, कुठं दिसली तर जेवलीस का विचारा. सरांनी मला तेच विचारलं. मी तिथंच रडले.

कायम केलं नाही. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं आणि कॅम्पचं काम काढून घेतलं. पेढे राहिले. पण काल रात्री गाढ झोपले.

रागावायचं असेल तर रागवा, पण नंतर जवळ घ्या.

तुमची,
प्रेरणा

वडिवळे,
१८ जुलै

चि. प्रेरणा हिस अनेक आशीर्वाद.

तो माणूस तुझा साहेब होता होय? बोलायला बरा वाटला.

आपली आवणी झाली, भिमाजी शेवटपर्यंत होता. फोन आता गप्प आहे. आई तरी सवयीनं पिशवी घेऊन बांधावर जाते आणि मधूनच उघडून बघते. मी म्हटलं, आता कोण करणार फोन? ती म्हणाली, जिला नंबर पाठ हाय ती.

तेव्हा चिठ्ठ्या पुरे झाल्या. रोज एकदा वाजवत जा.

तुझा,
आबा