खुर्चीचं तोंड

प्रिय प्रस्तावना,

पहिला शब्द सवयीनं लिहिला आहे, त्यावर जाऊ नकोस. टोपणनाव मात्र जाणूनबुजून वापरलं. एम.ए.च्या वर्गात ते मीच तुला दिलं होतं, कारण तू बोलायला उठलास की तास संपायचा आणि मुद्दा यायचा बाकी असायचा. आता तुझ्या नावामागे डॉक्टर लागलं, नावापुढे अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पत्ता लागला, तरी मुद्दा अजून वाटेतच आहे, हे तुझं नवं पुस्तक वाचून कळलं. आधुनिक अमेरिकन कथा, आधुनिक अमेरिकन चित्रं, आणि तू त्यांचे लावलेले अर्थ. कागद चांगला वापरला आहे. कौतुक संपलं.

पुस्तक तू सही करून पाठवलंस म्हणून वाचलं गेलं. तेही मोठ्यानं वाचलं गेलं, हे तुला ठाऊक नसणार. माझ्या नवऱ्याची नजर गेली आहे. उजेड-अंधार कळतो, डाव्या कडेनं एक बारीक पट्टा दिसतो, बाकी सगळं राखाडी. त्यामुळे या घरात येणारं पत्र, वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं मी त्याला वाचून दाखवते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तरी माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो, अशी त्याची तक्रार असते. वाचनाचा आमचा नियम एकच, गाळायचं नाही. सुरुवातीला मी वाईट बातम्या गाळायचे. त्याला लगेच कळायचं. आयुष्यभर कुलपं आणि तिजोऱ्या दुरुस्त केलेला माणूस; आत कुठे काय अडतंय ते कान लावून ऐकायची सवय. "हेडबाई, इथे काहीतरी ओलांडलंत," म्हणायचा. तेव्हापासून जे छापलंय ते मी वाचते. तुझ्या पुस्तकाच्या बाबतीत हा नियम अंगाशी आला.

पहिली प्रकरणं त्यानं मजेत ऐकली. त्या राखाडी चित्राचं प्रकरण तर फारच. आठवतं ना, फिरत्या प्रदर्शनात आपण दोघांनी ते एकत्र पाहिलं होतं. भिंतभर राखाडी आणि तळाशी बोटभर पिवळा पट्टा. तू त्याच्यासमोर कितीतरी वेळ डोळे मिटून उभा राहिलास. चित्र पाहायला जाऊन डोळे मिटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग डोळे उघडून म्हणालास की, तो पट्टा म्हणजे बंद दाराखालून येणारी आशा. मी म्हटलं, तो पिवळा रंग आहे आणि घाईत लावलाय, कोपऱ्यात ओघळलाय बघ. त्यावर तू म्हणालास, "तुला आतलं दिसत नाही." तेच वाक्य आता छापून काढलं आहेस. नवऱ्याला मी चित्राचं वर्णन करून सांगितलं. तो म्हणाला, दाराखालून एवढा उजेड येत असेल तर दार नीट बसलेलं नाही, सुताराला बोलवायला सांग त्यांना. आम्ही खूप हसलो. त्याचं बरोबर आणि तुझं चूक असं मी म्हणत नाही. तुम्ही दोघंही दार धरून बसलात, चित्रात दार नाहीच.

मग खुर्चीच्या कथेचं प्रकरण आलं.

कथा तुझ्या-माझ्या वर्गातली. माळावरचं एक लहान अमेरिकन गाव, गावातून जाणारा एकच रस्ता. एका बाईचा माणूस त्या रस्त्यानं निघून जातो आणि परत येत नाही. बाई रोज संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकते आणि अंधार पडेपर्यंत बसते. एवढंच. सरांनी विचारलं, ती काय करते आहे? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, वाट पाहते आहे. मी उठून म्हटलं, पहिल्या पानावर लिहिलंय की रस्ता पश्चिमेला जातो आणि सूर्य त्याच्या टोकाशी मावळतो. शेवटच्या ओळीत मावळतीचं ऊन तिच्या मानेवर पडलं आहे. म्हणजे ती रस्त्याकडे पाठ करून बसली आहे. रोज खुर्ची बाहेर आणून, मुद्दाम, सगळ्या गावाला दिसेल अशी पाठ. वर्ग हसला. सरही हसले. तू मागच्या बाकावरून म्हणालास, "आलं आमचं होकायंत्र." ते नाव मला तिथून चिकटलं.

आता तुझ्या पुस्तकात ती शेवटची ओळ तू आपल्या भाषेत दिली आहेस: "मावळतीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता." वाचता वाचता मी थांबले. कपाटातून जुनी प्रत काढून पाहिली. मानच आहे. तू मानेचा चेहरा केलास. एखादी बाई पाठ फिरवून बसू शकते हे तुझ्या गळी उतरेना, म्हणून तू तिला खांद्याला धरून वळवलीस आणि मग जगाला सांगितलंस, बघा, कशी वाट पाहते आहे. माझ्या शाळेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी शून्य दिलं असतं आणि आईवडिलांना भेटायला बोलावलं असतं. तुझ्या बाबतीत दोन्हीला उशीर झाला आहे. मला ते कॉलेजातच कळायला हवं होतं की तुला काहीही अमेरिकन दाखवलं, कथा दाखवली, चित्र दाखवलं, नुसता पुठ्ठा दाखवला, तरी तुला त्यात तूच दिसतोस.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. पुढचा परिच्छेदही मी वाचला. पुढे काय येतंय ते मला माहीत नव्हतं आणि गाळायचं नाही हा नियम होता. तू लिहिलं आहेस की ही बाई तुला अमेरिकेत नाही, इथेच भेटली. तुझ्याबरोबर शिकणारी, पुढे एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली. "एका साध्या, भल्या कारागिराशी तिनं संसार केला, पण मी ज्या रस्त्यानं निघून गेलो त्या रस्त्याकडे तोंड करून ती अजूनही रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे." हे सगळं मी माझ्या तोंडानं, शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात, त्या साध्या आणि भल्या कारागिराला वाचून दाखवलं. परिच्छेद संपल्यावर तो म्हणाला, "लिहितो चांगलं तुझा मित्र." आणि तोंड धुवायला उठला.

त्या संध्याकाळी तो गॅलरीत आला नाही. आमच्या गॅलरीत दोन खुर्च्या असतात. त्याचं दुकान बंद झाल्यापासून आम्ही दोघं तिथे बसतो आणि रस्त्यावर काय चाललंय ते मी त्याला सांगते: कोणाची गाडी बंद पडली, कोण कोणाशी भांडतंय. मी हाक मारली तर म्हणाला, "तू बस. मला वारा सोसत नाही." वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यानं आपली खुर्ची भिंत चाचपत चाचपत आत नेऊन ठेवली होती, कपाटाकडे तोंड करून. पुस्तक पुढे वाचू का विचारलं तर म्हणाला, तुझे डोळे दुखतील. आणि आता तो मला हेडबाई म्हणत नाही. नावानं हाक मारतो, नीट, पूर्ण नावानं. माहेरी मला रागावताना सुद्धा कोणी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती.

तू पाहिलंस ते खोटं नाही. काही वर्षांपूर्वी तू आमच्या घरी आलास त्या संध्याकाळी माझी खुर्ची रस्त्याकडेच होती. तू तुझ्या नोकरीबद्दल, तुझ्या घटस्फोटाबद्दल, बर्फाबद्दल बोलत होतास आणि मी एकदाही तुझ्याकडे न बघता खाली पाहत होते. तुला वाटलं, बिचारीला माझ्याकडे बघवत नाही. अमेरिकेतल्या बाईचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, तिला तू वाट पाहायला लावलीस. माझं होतं, तर मी कोणाची वाट पाहते आहे ते विचारायचं तुला सुचलं नाही. कसं सुचेल? तू तर समोर येऊन बसला होतास.

तू परदेशी गेलास तेव्हा मी वाट पाहिली होती, ते नाकारत नाही. पोस्टमन दिसला की जिन्यात जाऊन उभी राहायचे. मग तुझं दुसरं पत्र आलं. त्यात तुझ्या खोलीतल्या हीटरवर अडीच पानं होती आणि माझी चौकशी ताज्या कलमात. मी रडले, तोंड धुतलं आणि शाळेत नोकरीसाठी अर्ज टाकला. पुढे त्याच शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून एक कुलूपवाला आला. कपाट उघडून गेला, आणि मग ते नीट उघडतंय ना हे पाहायला पुन्हा पुन्हा येत राहिला. शिपाई म्हणाला, बाई, या कपाटाची तब्येत जरा जास्तच नाजूक दिसते. तुझ्या पुस्तकात बसेल अशी ही गोष्ट नाही. हिच्यात कोणी निघून जात नाही.

तू आलास त्या काळात त्याची नजर जायला लागली होती. दुकानात कोणाला कळलं नाही, तिथे हात आणि कान काम करायचे. पण दिवस कलला की त्याला रस्ता दिसेनासा व्हायचा. मी एकदा म्हटलं, दुकानातून मी तुला आणायला येत जाऊ का? तो एवढा चिडला की जेवला नाही. म्हणाला, ज्या दिवशी बायकोनं हात धरून रस्ता ओलांडून द्यावा लागेल, त्या दिवशी दुकानाला कुलूप लावीन आणि किल्ली गटारात टाकीन. मी पुन्हा विषय काढला नाही. रोज त्याच्या यायच्या वेळेला गॅलरीत खुर्ची टाकायला लागले. समोरच्या कोपऱ्यावर तो उभा राहायचा, मान एका बाजूला करून गाड्यांचा आवाज ऐकायचा आणि मग पाऊल टाकायचा. तो या बाजूच्या फुटपाथवर चढेपर्यंत मी कठडा धरून असायचे. तो चढला की आत जाऊन भांडी आपटायला लागायचे, म्हणजे मी मघापासून स्वयंपाकघरातच आहे असं वाटावं. एकदा तो पाऊल टाकतो आणि वळणावरून ट्रक येतो हे एकाच वेळी दिसलं. मी जिन्यावरून धावत खाली गेले. पोचेपर्यंत ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला होता, शिव्या देऊन निघूनही गेला होता. नवऱ्याला म्हटलं, पाव आणायला निघाले होते. घरात पाव होता. माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात त्याची. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तशीच फटक-फटक करत गेले आणि नको असलेला पाव घेऊन आले. कुलपातला आवाज ऐकणाऱ्या माणसाला दोन चपलांचे दोन आवाज कळले नसतील असं मला वाटत नाही. पण त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो संध्याकाळभर फक्त पाव खात बसला, आणि चांगला आहे म्हणाला.

ते राखाडी चित्र अलीकडे मला अधूनमधून आठवतं. भिंतभर राखाडी, आणि एका कडेला उजेडाचा पट्टा. मला त्यात आशाबिशा काही दिसत नाही, अजूनही नाही. घरातल्या एका माणसाला गॅलरीचा कठडा कसा दिसत असेल, तेवढं दिसतं. ते चित्राचं आतलं आहे की बाहेरचं, हे तू ठरव. तुझ्या पुढच्या पुस्तकात मात्र घालू नकोस. आणि या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालीच तर त्या बाईची मान तिला परत दे.

आता हे पत्र मी त्याला वाचून दाखवणार आहे. पहिल्या शब्दापासून, न गाळता. नाव तुझं घातलं आहे, कारण यातल्या मधल्या गोष्टी त्याच्या तोंडावर सांगणं मला इतक्या वर्षांत जमलं नाही. तुला सुनावणं मात्र मला कधीच जड गेलं नाही, आणि सुनावता सुनावता बाकीचंही लिहून झालं. मी त्याच्यावर नजर ठेवत होते हे ऐकून तो कदाचित आजही जेवणार नाही. चालेल. त्यानं उपाशी राहावं, पण मी तुझी वाट पाहत होते असं समजून नाही. वाचून झालं की पाकीट त्याच्या हातात देईन. टाकायचं की फाडायचं ते तो ठरवेल. तेव्हा हे तुला मिळालंच, तर तिकीट त्यानं लावलेलं आहे. ते वाकडं असेल. त्याचा मात्र अर्थ लावत बसू नकोस.

त्याचीच,
होकायंत्र